तुर्की पारपत्रे व प्रवेशपरवाने
तुर्की पारपत्रे व प्रवेशपरवाने : तुर्कस्तानच्या नागरिकांना परदेशी जाण्यासाठी लागणारी अधिकृत कागदपत्रे व अन्य देशांत प्रवेश मिळण्याच्या त्यांच्या अटी. पारपत्र हे नागरिकाचे स्वतःचे राज्य देते व त्यावरून धारकाची ओळख आणि राष्ट्रीयत्व सिद्ध होते. प्रवेशपरवाना किंवा व्हिसा हा ज्या देशात जावयाचे तो देश देतो. यामुळे नागरिकाला प्रवासाचे स्वातंत्र्य कितपत आहे, हे केवळ त्याच्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून नसते. त्या राज्याने इतर राज्यांशी केलेले करार, परस्परसंबंध व आर्थिक परिस्थिती यांवरही ते अवलंबून असते. यूरोप व आशिया या दोन खंडांच्या सीमेवरील तुर्कस्तानच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते. [⟶ पारपत्र, तुर्कस्तान].

इतिहास : ऑटोमन साम्राज्यात एकोणिसाव्या शतकात साम्राज्यांतर्गत प्रवासासाठीदेखील ‘मुरूर तेझकेरेसी’ नावाचा परवाना जवळ बाळगावा लागे. त्यात प्रवाशाचे नाव, वर्णन व गंतव्य स्थान नमूद केलेले असे. मराठेशाहीत वाटेवरील चौक्यांवर दाखवावयाच्या दस्तकाशी त्याचे साम्य होते. राजधानी इस्तंबूलमध्ये होणारी लोकांची आवक रोखणे, हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. परदेशगमनासाठीच्या पारपत्राचे स्वतंत्र नियम १८६७ मध्ये करण्यात आले. अंतर्गत परवान्याची पद्धत १९०८ च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीनंतर मागे पडली. प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर (१९२३) पारपत्रविषयक कायदा १९३८ मध्ये संमत झाला व त्याची जागा १५ जुलै १९५० च्या क्रमांक ५६८२ च्या कायद्याने घेतली. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा अद्याप अंमलात आहे.

पारपत्रांचे प्रकार : तुर्की पारपत्रे त्यांच्या वेष्टनाच्या रंगावरून ओळखली जातात व धारकाला मिळणारी वागणूकही पुष्कळ अंशी या रंगावर ठरते. सर्वसाधारण नागरिकाचे पारपत्र गडद तांबड्या रंगाचे असते. त्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची असून मुदतीनुसार आकार भरावा लागतो. ‘हुसुसी’ म्हणजे विशेष पारपत्र हिरव्या रंगाचे असते. पहिल्या तीन श्रेणींतील शासकीय अधिकारी, संसदेचे माजी सदस्य, माजी मंत्री, नगराध्यक्ष व यांची कुटुंबे यांना ते मिळते. २०१७ पासून ठराविक प्रमाणात निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि २०१९ पासून १५ वर्षे व्यवसाय केलेल्या वकिलांनाही ते देण्यात येऊ लागले. करड्या रंगाचे सेवा पारपत्र शासकीय कामासाठी परदेशी जाणाऱ्यांना, तर काळ्या रंगाचे राजनैतिक पारपत्र मुत्सद्दी व उच्चपदस्थ यांना दिले जाते.

या वर्गवारीचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. हिरव्या पारपत्राच्या धारकास शेंगेन करारातील देशांत अल्पकाळासाठी परवान्याशिवाय प्रवेश मिळतो. तांबड्या पारपत्राच्या धारकास तो मिळत नाही. एकाच देशाचे दोन नागरिक एकाच विमानाने एकाच शहरी जात असले, तरी त्यांपैकी एकाला केवळ तिकीट काढून निघता येते आणि दुसऱ्याला कित्येक आठवडे आधीपासून वकिलातीकडे खेपा घालाव्या लागतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ग्रेट ब्रिटन हे देश मात्र हिरव्या पारपत्रालाही अशी सवलत देत नाहीत. सवलतीच्या पारपत्रांचा गैरवापरही झाला आहे. २०२० मध्ये एका नगरपालिकेने सेवा पारपत्रे देऊन जर्मनीस पाठविलेल्या ४५ जणांपैकी ४३ जण परत आलेच नाहीत. हे प्रकरण २०२१ मध्ये उघडकीस आल्यावर अशी पारपत्रे देण्याच्या पद्धतीची चौकशी झाली.

छायाचित्र व बोटांचे ठसे साठविणाऱ्या विद्युत् चकतीची पारपत्रे १ जून २०१० पासून देण्यात येऊ लागली. पारपत्रे देण्याचे काम पूर्वी पोलीस खात्याकडे होते. २ एप्रिल २०१८ पासून ते लोकसंख्या व नागरिकत्व कार्यालयांकडे सोपविण्यात आले. २०२२ मध्ये पारपत्रांची छपाई देशातच होऊ लागली.

देशाबाहेर जाण्याचा हक्क : १९८२ च्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने नागरिकांना प्रवासाचा हक्क दिला आहे. मुळात नागरी कर्तव्यांच्या कारणास्तवही परदेशगमनास मनाई करता येत असे. १२ सप्टेंबर २०१० च्या सार्वमताने संमत झालेल्या दुरुस्तीनुसार ही मनाई फक्त फौजदारी चौकशी वा खटला यांच्या कारणाने व न्यायाधीशाच्या निर्णयानेच करता येते. तथापि १५ जुलै २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर पुकारलेल्या आणीबाणीत अध्यादेशान्वये सेवेतून काढलेल्या अधिकाऱ्यांची आणि अनेक प्रकरणी त्यांच्या पतिपत्नींचीही पारपत्रे रद्द करण्यात आली. आणीबाणी उठल्यावर जुलै २०१८ मध्ये सु. दीड लाख पारपत्रांवरील प्रशासकीय निर्बंध उठविण्यात आले आणि २०१९ च्या कायद्याने इतर काहींना पारपत्र परत मिळविण्याचा मार्ग खुला झाला.

परदेशी जाणाऱ्या नागरिकास निर्गमन शुल्कही भरावे लागते. २००७ मध्ये ते १५ लिरा होते. २०१९ मध्ये ५०, २०२२ मध्ये १५० व ऑगस्ट २०२४ मध्ये ५०० लिरा झाले व पुढेही वाढत गेले. या वाढीतील बराचसा भाग लिराच्या घसरत्या मूल्याचा आहे.

यूरोप व तुर्की प्रवासी : तुर्की नागरिकांच्या दृष्टीने प्रवेशपरवान्याचा प्रश्न मुख्यतः पश्चिम यूरोपशी निगडित आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योगधंद्यांसाठी मनुष्यबळ हवे असल्याने पश्चिम जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. ऑस्ट्रिया, बेल्जियम व नेदर्लंड्स (१९६४), फ्रान्स (१९६५) आणि स्वीडन (१९६७) यांनीही तसेच करार केले. इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकावरून आगगाडीने निघालेले हे कामगार ‘पाहुणे कामगार’ म्हणून ओळखले जात आणि एकदोन वर्षांत परततील, अशी उभयपक्षी अपेक्षा होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये जर्मनीने भरती थांबविली, तोवर सु. ८ लाखांहून अधिक तुर्की तेथे गेले होते. अनेकांनी पुढे आपली कुटुंबे तेथे नेली.

या काळात भेटीसाठी जाणाऱ्यास परवाना लागत नसे. यूरोप परिषदेच्या सदस्य देशांनी १३ डिसेंबर १९५७ रोजी पॅरिस येथे केलेल्या करारानुसार परस्परांच्या नागरिकांना तीन महिन्यांपर्यंत मुक्त प्रवेश होता आणि तुर्कस्तान त्यात सहभागी होते. परंतु १९८० मध्ये जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज एक लाखावर गेले व त्यांत निम्म्याहून अधिक अर्ज तुर्की नागरिकांचे होते. जर्मनीने ५ ऑक्टोबर १९८० पासून तुर्की नागरिकांना प्रवेशपरवाना सक्तीचा केला. तुर्कस्तानात १२ सप्टेंबर रोजी लष्कराने सत्ता हाती घेतल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. फ्रान्स व बेनेलक्स देश यांनी त्याच सुमारास आणि ब्रिटनने १९८९ मध्ये हाच मार्ग अनुसरला. अनातोलियातील खेड्यात राहणाऱ्या आईवडिलांना कोलोन किंवा बर्लिन येथील मुलाच्या लग्नास जाण्यासाठीही आता परकीय अधिकाऱ्याच्या निर्णयाची वाट पाहावी लागू लागली.

करारातील स्थगिती कलम : १२ सप्टेंबर १९६३ च्या अंकारा कराराने तुर्कस्तान यूरोपीय आर्थिक समुदायाचा सहयोगी सदस्य झाला. त्याला जोडलेला १९७० चा अतिरिक्त मसुदा १ जानेवारी १९७३ पासून अंमलात आला. त्याच्या ४१ व्या कलमानुसार व्यवसाय स्थापण्याच्या व सेवा पुरविण्याच्या स्वातंत्र्यावर उभय पक्षांनी नवीन निर्बंध घालू नयेत, असे ठरले. १९७३ मध्ये नसलेला परवाना १९८० मध्ये लादणे हा नवीन निर्बंध ठरतो काय, हा प्रश्न यूरोपीय न्यायालयापुढे आला. मालमोटारी घेऊन जर्मनीत जाणाऱ्या तुर्की चालकांच्या प्रकरणी न्यायालयाने १९ फेब्रुवारी २००९ रोजी असा निर्णय दिला, की सेवा पुरविण्यासाठी जाणाऱ्यांना १९७३ मध्ये परवाना लागत नसेल, तर तो नंतर लादता येत नाही. या निर्णयाने तुर्कस्तानात मोठी आशा निर्माण झाली. सेवा घेणारा, म्हणजे पर्यटक किंवा रुग्ण हाही याच कलमाखाली येतो, असे मत अनेक विधिज्ञांनी मांडले. परंतु सावत्र वडिलांना भेटण्यासाठी जर्मनीस जाऊ इच्छिणाऱ्या एका तुर्की मुलीच्या प्रकरणी २४ सप्टेंबर २०१३ रोजी न्यायालयाने हा अर्थ नाकारला. कराराचा हेतू आर्थिक असून त्यात सेवा घेण्यासाठी मुक्त संचार अभिप्रेत नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पतिपत्नींना एकत्र येण्यापूर्वी जर्मन भाषेचे प्राथमिक ज्ञान सिद्ध करण्याची जर्मनीने २००७ मध्ये घातलेली अट स्थगिती कलमाशी विसंगत आहे, असा निर्णय त्याच न्यायालयाने १० जुलै २०१४ रोजी दिला.

शेंगेन परवाना : शेंगेन क्षेत्रात बहुतेक यूरोपीय संघराष्ट्रांचा तसेच नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिख्टेनश्टाइन यांचा समावेश होतो. सामान्य तुर्की पारपत्रधारकास तेथे परवाना घ्यावा लागतो. त्याने कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करू नये, असा नियम आहे. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध व दोन कोरी पाने असलेले असावे लागते. त्याखेरीज किमान ३०,००० यूरोंचा आजारविमा, निवासाची व्यवस्था, खर्चास पुरेसा पैसा व मायदेशी परतण्याची खात्री पटविणारे पुरावे द्यावे लागतात. नोकरीचे प्रमाणपत्र, बँकखात्याचा उतारा, मालमत्तेचे दस्तऐवज हे असे पुरावे होत. जून २०२४ पासून प्रौढांसाठी परवाना शुल्क ९० यूरो आहे. परवाना नाकारल्यास ते परत मिळत नाही. परवाना मिळाला, तरी सीमेवरील अधिकाऱ्यास प्रवेश नाकारण्याचा हक्क असतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर प्रवाशांचे ठसे व छायाचित्र यांची विद्युत् नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

२०२४ मध्ये तुर्कस्तानातून शेंगेन परवान्यासाठी सु. ११·७ लाख अर्ज आले. या बाबतीत चीनच्या खालोखाल तुर्कस्तानचा क्रमांक असून त्यानंतर भारताचा क्रमांक लागतो. अर्जदारांची तक्रार केवळ नकाराबद्दल नाही. अर्ज देण्यासाठी वेळच मिळत नाही व मिळालेला परवाना फार थोड्या दिवसांचा असतो, अशीही आहे. जुलै २०२५ मध्ये यूरोपीय आयोगाने नियम शिथिल केले. त्यांनुसार आधीच्या परवान्याचा योग्य उपयोग केलेल्या तुर्की रहिवाशास क्रमाने सहा महिने, एक, तीन व पाच वर्षांचे बहुप्रवेशी परवाने मिळू शकतात. ग्रीसनेही २०२४ च्या वसंत ऋतूपासून पूर्व ईजियन समुद्रातील ठराविक बेटांवर येणाऱ्या तुर्की प्रवाशांना बंदरावरच सात दिवसांचा परवाना देण्याची पद्धत सुरू केली.

परवानामुक्तीच्या वाटाघाटी : १६ डिसेंबर २०१३ रोजी तुर्कस्तानने यूरोपीय संघाशी पुनर्स्वीकृती करार केला. त्यानुसार तुर्कस्तानमार्गे अवैधपणे यूरोपात गेलेल्यांना परत घेण्याचे बंधन त्याने पत्करले. त्याच दिवशी परवानामुक्तीची बोलणी सुरू झाली व त्यांसाठी ७२ अटी ठरविण्यात आल्या. सिरियातील यादवीमुळे निर्वासितांचे लोंढे वाढल्यावर १८ मार्च २०१६ च्या संयुक्त निवेदनात जून २०१६ अखेर परवाने रद्द करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. मात्र ते अटींच्या पूर्ततेवर अवलंबून होते. पुढे बहुतेक अटी पूर्ण झाल्या, तरी सहा अटी शिल्लक राहिल्या. भ्रष्टाचारप्रतिबंध, व्यक्तिगत माहितीचे संरक्षण, यूरोपीय पोलीस संघटनेशी सहकार्य, सर्व सदस्य देशांशी न्यायिक सहकार्य, पुनर्स्वीकृती कराराची पूर्ण अंमलबजावणी आणि दहशतवादविरोधी कायद्यात सुधारणा या त्या अटी होत. शेवटची अट सर्वांत वादग्रस्त ठरली. कायद्यातील व्याख्या इतकी व्यापक आहे की तिच्यामुळे लेखक व पत्रकार यांच्यावरही खटले भरता येतात, असे संघाचे म्हणणे आहे. तर देशाच्या सुरक्षिततेपुढील धोका पाहता ती सैल करणे शक्य नाही, असे तुर्की शासन म्हणते. यामुळे उद्दिष्टाची तारीख उलटून गेली आणि परवाना कायम राहिला.

अन्य देश : यूरोपीय संघाबाहेर तुर्की पारपत्रास बऱ्याच ठिकाणी मुक्त प्रवेश आहे. जपान व दक्षिण कोरिया येथे जुन्या करारांनुसार अल्पकालीन भेटीसाठी परवाना लागत नाही. बाल्कन प्रदेशातील सर्बिया, बॉस्निया-हेर्झेगोव्हिना, अल्बेनिया, उत्तर मॅसिडोनिया आणि माँटेनीग्रो, तसेच इराण, मोरोक्को, ट्युनिशिया, ब्राझील, अर्जेंटिना, मलेशिया इ. देशांतही अशी सवलत आहे. जॉर्जियात २०११ पासून व अझरबैजानमध्ये २०२१ पासून केवळ ओळखपत्रावर जाता येते. उत्तर सायप्रसमध्येही ओळखपत्र पुरते.

अशा सवलती राजकीय संबंधांनुसार बदलतात, याचे रशिया हे उदाहरण आहे. एप्रिल २०११ पासून तेथे तुर्की नागरिकांना परवान्याशिवाय प्रवेश होता. २४ नोव्हेंबर २०१५ रोजी तुर्की हवाई दलाने रशियन विमान पाडल्यावर १ जानेवारी २०१६ पासून ही सवलत स्थगित झाली. २०१९ मध्ये ती सेवा पारपत्रधारक व मालमोटारचालक यांच्यापुरती पुन्हा देण्यात आली. अमेरिकेशीही २०१७ मध्ये वाद होऊन दोन्ही देशांनी परवाने देणे सु. अडीच महिने जवळजवळ बंद ठेवले होते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व भारत या देशांत जाण्यासाठी सामान्य तुर्की नागरिकास आधी परवाना मिळवावा लागतो.

परवान्यांच्या बाबतीत परस्परतेचे तत्त्व सर्वत्र पाळले जात नाही. तुर्कस्तानच्या अर्थव्यवस्थेत पर्यटनाला मोठे स्थान असल्याने त्याने जर्मनी, फ्रान्स इ. देशांच्या नागरिकांना परवान्याशिवाय प्रवेश दिला आहे. मार्च २०२० मध्ये ब्रिटन, नेदर्लंड्स, स्पेन आदी देशांना आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनाही ही सवलत मिळाली. त्यामुळे जर्मन प्रवासी ओळखपत्र दाखवून अंताल्याच्या किनाऱ्यावर उतरू शकतो. त्याच किनाऱ्यावरील तुर्की रहिवाशास जर्मनीतील आप्तांकडे जाण्यासाठी मात्र मिळकतीचे व परतीचे पुरावे सादर करावे लागतात. अंकारा करारास साठ वर्षे उलटून गेल्यावरही ही विषमता दूर झालेली नाही. तुर्कस्तान व यूरोपीय संघ यांच्या संबंधांतील प्रगती किंवा अडथळा सामान्य नागरिकाला सर्वप्रथम जाणवतो, तो परवान्याच्या प्रश्नातच.