गाडीही राहील, पंगतही बसेल

गाडीला उतरती जमीन हवी असते, पाहुण्यांना सपाट. गाडी चिखल, पाणी आणि तेलाचे थेंब घेऊन आत येते, पाहुणे ठेवणीतले कपडे घालून येतात. तरीही या दोघांना एकाच छपराखाली आणणारी इमारत घरामागच्या परसात बांधायची हौस अमेरिकेत फार जणांना असते. टेक्सास, ओहायो, जॉर्जिया अशा राज्यांत गावाबाहेर अर्धा-एक एकराचा तुकडा हाताशी असेल, तर ही हौस फेडताही येते. आठवडाभर आत दोन गाड्या, गवत कापायचं यंत्र, एखादी लहान होडी. शनिवारी संध्याकाळी गाड्या बाहेर आणि आत टेबलं, दिवे, वीस-पंचवीस माणसं.

कल्पना उत्तम आहे. मात्र पाहुण्यांचा विचार गॅरेज उभं राहिल्यावर सुरू केला तर तो फार उशिरा केलेला असतो. पाहुण्यांना खरोखर जे लागतं ते नंतर भिंतीवर टांगता येत नाही. जमिनीचा उतार, पाण्याची आणि सांडपाण्याची नळी, आग अडवणारी भिंत, हवा जायची वाट हे सगळं काँक्रीट ओतण्याआधी ठरतं. नंतर उरते ती फक्त सजावट.

वाहन आणि माणूस शेजारी ठेवण्याची रीत मोटारीहून जुनी. लंडनच्या बेलग्रेव्हिया, केन्सिंग्टन या भागांत श्रीमंतांच्या घरांमागे ‘म्यूज’ म्हणवल्या जाणाऱ्या गल्ल्या होत्या. तिथे खाली घोडे आणि बग्ग्या असत, वर गाडीवान आणि त्याचं बिऱ्हाड. आज त्याच तबेल्यांची झालेली घरं शहरातल्या महागड्या घरांत मोडतात. अमेरिकेतल्या ‘कॅरेज हाउस’ची रचनाही अशीच होती. घोड्यांचा वास, माश्या आणि वाळलेल्या गवताला आग लागण्याची भीती यांमुळे ही इमारत राहत्या घरापासून दूर ठेवत. मोटार आली तेव्हा ती आपसूक घोड्याच्या जागी जाऊन उभी राहिली.

ही सवय मोडणाऱ्यांत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचं नाव महत्त्वाचं. शिकागोत 1910 साली पुऱ्या झालेल्या रॉबी हाउसमध्ये त्यांनी तीन मोटारींचं गॅरेज घरालाच जोडलं आणि त्यावर नोकरांच्या खोल्या काढल्या. पंचवीसेक वर्षांनी त्यांनी याच्या अगदी उलट केलं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे 1936-37 मध्ये जेकब्स दाम्पत्यासाठी त्यांनी साडेपाच हजार डॉलरांत एक आटोपशीर घर बांधलं. त्यात गॅरेज नव्हतंच, होतं फक्त पुढे आलेलं छप्पर. त्याला त्यांनी ‘कारपोर्ट’ म्हटलं. मोटार म्हणजे काही घोडा नव्हे, तिला तबेला कशाला, असा त्यांचा विचार होता. परसात इमारत बांधू पाहणाऱ्यानं या घराचे नकाशे आणि छायाचित्रं आवर्जून पाहावीत. गाडीला छप्पर पुरतं, भिंती आणि ऊब यांवरचा पैसा माणसांसाठी राखावा, हे त्या घरातून जितकं लख्ख कळतं तितकं इतर कुठून क्वचितच कळेल.

ज्यांना बंदिस्त जागाच हवी, त्यांच्यासाठी पहिला प्रश्न दाराचा. दोन गाड्यांचं एकच दार साधारण 16 फूट रुंद आणि 7 फूट उंच असतं. आडव्या पट्ट्यांत दुमडत वर सरकणारं दार सी. जी. जॉन्सन यांनी 1921 साली काढलं आणि 1926 साली ते विजेवर उघडायची सोय केली. हे दार वर गेलं की खोलीची एक अख्खी भिंत नाहीशी होते आणि आतली बैठक अंगणाला जाऊन मिळते. पाहुण्यांसाठी याहून मोठी सोय दुसरी नाही. पट्ट्या अॅल्युमिनियमच्या चौकटीतल्या काचेच्या घेतल्या तर दार बंद असतानाही उजेड येतो.

पण उघडलेलं दार जातं कुठे? छताखाली आडवं. तिथेच नेमके दिवे लावलेले असतात आणि ते दारामागे झाकले जातात. म्हणजे पाहुणे आले, हौसेनं दार उघडलं आणि बैठकीवर अंधार पडला. पंख्याचंही तसंच. यावर एक उपाय म्हणजे दाराचे रूळ भिंतीलगत उंच नेऊन मग आत वळवणं. त्यासाठी दारावर चार-पाच फूट मोकळी जागा, म्हणजे छत 11 ते 12 फुटांवर लागतं. तेवढी उंची ठेवली तर गाडी उचलायची लिफ्टही पुढेमागे बसवता येते. उंची नसेल तर दिवे सरळ बाजूच्या भिंतींवर घ्यावेत. एक सूचना सुरक्षेची: दाराचं वजन तोलणाऱ्या स्प्रिंगा प्रचंड ताणलेल्या असतात, त्यांची दुरुस्ती घरी करू नये. वाटेत कोणी आलं तर बंद होणारं दार आपोआप उलटं फिरलं पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना 1993 पासून आहे. मुलं खेळत असतात अशा घरात ही यंत्रणा महिन्यातून एकदा तपासून पाहावी.

आता जमीन. अमेरिकेतली बहुतेक राज्यं घरबांधणीसाठी जी आदर्श संहिता आधाराला घेतात, तिच्यानुसार गाडी उभी राहते तो भाग निचऱ्याच्या जाळीकडे किंवा गाडीच्या दाराकडे उतरता असावा लागतो. कारण सरळ आहे. बर्फाचं पाणी आणि सांडलेलं पेट्रोल आत साचू नये. हा उतार फुटाला पाव इंच धरला तर 24 फूट खोल जागेत मागची भिंत आणि दार यांत 6 इंचांचा फरक पडतो. उभ्या गाडीला तो कळतही नाही. जेवणाच्या टेबलाला कळतो, वाटीतल्या आमटीला कळतो आणि सतरंजीवर बसलेल्या आजींच्या पाठीला तर नक्कीच कळतो.

म्हणून अनुभवी बांधणारे जमिनीचे दोन भाग करतात. दाराकडचा भाग गाड्यांचा आणि उतरता, मागचा पाहुण्यांचा, एक पायरी वर आणि सपाट. गाड्या आत असतानाही चार माणसं मागे बसू शकतात आणि खालचं पाणी वर चढत नाही. काँक्रीट साध्या मोटारींना 4 इंच जाडीचं चालतं. जड वाहन किंवा लिफ्ट येणार असेल तर 6 इंच घ्यावं. खाली ओल अडवणारं जाड प्लास्टिक अंथरणं विसरू नये, कारण ओल वर आली की वरचा एपॉक्सीचा थर फुगून सुटतो. हलक्या प्रतीचा थर तर गरम टायरला चिकटूनच उखडून येतो. काँक्रीटची ठरलेली ताकद 28 दिवसांनी मोजतात, तेव्हा उद्घाटनाची तारीख आधी छापून घाई करू नये.

हवा आणि आग हा या इमारतीचा सगळ्यात गंभीर भाग, आणि इथेच अमेरिकेतली मराठी घरं या विषयात येतात. तिथली घरं लाकडी चौकटीची, आतून जिप्समची, खाली गालिचे. तळणाचा वास त्यांत दिवसेंदिवस राहतो, धूर जरा वाढला की गजर वाजतो. त्यामुळे दिवाळीच्या चकल्या-कडबोळी तळायला कित्येक घरांत शेगडी गॅरेजमध्ये मांडतात. सोय समजण्यासारखी आहे. पण पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरून राहते. म्हणूनच गॅरेजमधल्या बॉयलरसारख्या उपकरणांची ठिणगी देणारी बाजू जमिनीपासून किमान 18 इंच उंच असावी असा नियम आहे. फरशीवर मांडलेली गॅसची शेगडी आणि तिच्यावर उकळतं तेल हे या नियमाच्या बरोबर उलट टोक.

अमेरिकन घरंही यातून सुटलेली नाहीत. स्वयंपाकातून घरात आगी लागण्याचं प्रमाण तिथे थँक्सगिव्हिंगच्या दिवशी वर्षात सर्वाधिक असतं, आणि अख्खा टर्की तेलात तळायची गॅसची उपकरणं वापरूच नका, असं तिथली अग्निसुरक्षेची राष्ट्रीय संस्था सांगते. तळणाची हौस असेल तर परसातल्या इमारतीला बागेच्या बाजूनं एक पक्का ओटा काढावा, दगडी किंवा विटांचा, गाड्यांच्या दारापासून लांब आणि तिन्ही बाजूंनी मोकळा. नकाशातच तो दाखवला तर त्यावर फार खर्चही होत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दार उघडं आहे म्हणून आत इंजिन चालू ठेवणं धोक्याचंच. पाहुणे मागच्या भागात बसलेले असताना तर गाडी सुरूच करू नये, आणि तिथे या वायूचा गजर बसवावा. गाड्या आणि बैठक यांच्यात भिंत घातली तर ती निदान अर्धा इंच जिप्समची असावी. वर पाहुण्यांना झोपायची खोली काढायची असेल तर खालच्या छताला पाच अष्टमांश इंचाचा, आगीला जास्त वेळ तोंड देणारा प्रकार लागतो. पेट्रोलचे डबे आणि रंगाचे डबे या इमारतीत ठेवूच नयेत. विजेची गाडी असेल तर धुराचा प्रश्न मिटतो. तिचा 240 व्होल्टचा चार्जर मात्र बैठकीपासून दूर, शक्यतो बाहेरच्या भिंतीवर घ्यावा.

जागा किती? दोन गाड्यांना 24 फूट बाय 24 फूट म्हणजे ऐसपैस. त्यात फोर्ड एफ-150 सारखा मोठा पिकअप असेल तर त्याची एकट्याची लांबी 19 फुटांच्या आसपास जाते, हे ध्यानात ठेवावं. पाहुण्यांचा भाग 24 बाय 16 चा धरला तर पंगतीचं गणित छान जमतं. माणशी 2 फूट रुंदी, पाट आणि ताट मिळून 4 फूट खोली, समोरासमोरच्या दोन ओळींत वाढणाऱ्यांसाठी 5 फूट. म्हणजे वीस माणसांना 20 बाय 13 फूट पुरतात आणि कडेला पाण्याच्या पिंपाला जागा उरते. टेबल-खुर्च्यांना याहून जास्त जागा लागते. अर्थात छोट्या जागेला कमी लेखू नये. पालो आल्टोत हेवलेट आणि पॅकार्ड यांनी 1938 साली ज्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं, ते 12 बाय 18 फुटांचं होतं आणि आज ते कॅलिफोर्नियाच्या अधिकृत ऐतिहासिक स्थळांत आहे.

संडास आणि हात धुवायची मोरी हवीच. त्यांच्याशिवाय प्रत्येक पाहुणा घरातून ये-जा करतो आणि वेगळी इमारत बांधल्याचा अर्थ राहत नाही. थंड प्रदेशात नळी जमीन गोठते त्या खोलीच्याही खालून न्यावी लागते. मिनेसोटात पायासाठी ही खोली भागानुसार 42 ते 60 इंच धरतात. उबदार राज्यांनीही बेफिकीर राहू नये. फेब्रुवारी 2021 च्या गारठ्यात टेक्सासमध्ये घरोघरी नळ्या फुटल्या होत्या.

परवानगीचं प्रत्येक गावात वेगळं असतं. पुष्कळ ठिकाणी 200 चौरस फुटांपर्यंतच्या साध्या शेडला बांधकाम परवाना लागत नाही, पण 24 बाय 24 म्हणजेच 576 चौरस फूट झाले. हद्दीपासूनचं अंतर, उंची, वसाहतीच्या संघाचे नियम हे नकाशाआधी विचारून घ्यावेत, आणि शेजाऱ्यांशीही बोलावं. शनिवारच्या गाण्यांचा आवाज आणि पाहुण्यांच्या गाड्या दोन्ही त्यांच्या दारात जाणार असतात.

भारतात या जोडीचं एक सुंदर उदाहरण उदयपूरला आहे. मेवाड संस्थानाच्या जुन्या मोटारखान्यात 2000 सालापासून राजघराण्याच्या गाड्यांचं संग्रहालय आहे आणि त्याच आवारात जेवायचीही सोय आहे. गाड्या पाहाव्यात आणि तिथेच थाळी घ्यावी, हे तिथे सहज जमून गेलं आहे.

मुळशी, वाई, दापोली या बाजूंना शेतघर बांधणाऱ्या मराठी कुटुंबांना अमेरिकेतला नकाशा जसाच्या तसा उचलता येणार नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसाच्या तोंडावर 16 फुटांचं दार ठेवलं तर चार महिने बैठक ओली राहील. नुसत्या पत्र्याच्या छपराखाली सरींच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, तेव्हा कौलं किंवा आवाज आणि उष्णता अडवणारे दुपदरी पत्रे घ्यावेत. जोतं जांभ्याचं, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच. शहाबादी फरशी बैठकीला छान, गाडीखाली नको, कारण ती तेल पिते आणि डाग धरते. तिथे घोटलेलं काँक्रीटच बरं. बंद गॅरेजमध्ये बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हेही गावाकडच्या गाडीमालकांना वेगळं सांगायला नको.

हे सगळं पाहिल्यावर आपल्या हवेत राइट यांचाच मार्ग अधिक योग्य ठरतो. गाडीला तिन्ही बाजूंनी उघडी पडवी, तिला लागून पाहुण्यांची बंद, सपाट, हवेशीर खोली. पैसे कमी पडले तर गाडीच्या बाजूची भिंत आणि महागडं दार खुशाल वगळावं. सपाट जमीन, निचरा आणि संडास यांतलं काहीही पुढच्या वर्षावर ढकलू नये.