शर्यत जिंकली १९६३ ला, चषक आला २०२१ ला

१ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, जॅक्सनव्हिल शहरातील अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर मोटारींची शर्यत झाली. फेऱ्या दोनशे. ३४ नंबरची शेव्हरोले गाडी सर्वांच्या पुढे होती. नुसती पुढे नव्हे, तर दुसऱ्या नंबरच्या गाडीपेक्षा पुरत्या दोन फेऱ्या पुढे. शर्यत संपली की विजेत्यासाठी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा हलवतात. या गाडीसाठी तो हललाच नाही. ती बिचारी फेऱ्या मारत राहिली. झेंडा हलला तो मागून आलेल्या बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरसाठी. चषक, टाळ्या, फोटो, सारे काही बेकर यांच्या वाट्याला गेले.

३४ नंबरच्या गाडीत वेंडेल स्कॉट होते. वर्ण काळा.

वाचकहो, मोटारींची शर्यत हा काही आपल्या घरातला विषय नव्हे. आपल्याकडे सायकलला नवा टायर घ्यायचा तरी महिन्याचा हिशेब मांडावा लागतो. हा श्रीमंतांचा खेळ, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण ज्या माणसाची ही हकिकत आहे, तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला होता. म्हणूनच ती मुद्दाम सांगावीशी वाटते.

स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. हे गाव कापड गिरण्यांचे आणि तंबाखूचे. काळ्या माणसाने या दोहोंपैकी एका ठिकाणी राबावे आणि मुकादमाच्या शिव्या खाव्यात, अशीच रीत होती. गिरणी म्हणजे काय हे आपल्या कितीतरी घरांना सांगायला नको. स्कॉट यांनी तरुणपणीच ठरवले होते की, दुसऱ्याच्या हुकमाखाली जन्म घालवायचा नाही. वडील मोटारींची कामे करीत, त्यामुळे पाना-पक्कड लहानपणीच हातात आली. पुढे ते टॅक्सी चालवू लागले. १९४३ मध्ये मेरी कोल्स यांच्याशी विवाह झाला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले. त्या सैन्यातही काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत! लोकशाहीसाठी लढायला जायचे, आणि जेवायचे वेगळ्या पंगतीत. युद्धावरून परत आल्यावर त्यांनी स्वतःचे गॅरेज टाकले.

गॅरेजवर सात मुलांचे घर चालणे कठीण. तेव्हा रात्री हातभट्टीची दारू गाडीतून पोहोचवण्याचा उद्योग ते करू लागले. या धंद्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. दारूने किती संसार धुळीला मिळाले हे आपण रोज पाहतो. पण अमेरिकेतल्या या शर्यतींचे मूळच त्या धंद्यात आहे, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. दारू नेणारे लोक साध्या दिसणाऱ्या गाडीचे इंजिन घरच्या घरी असे तयार करीत की पोलिसांची गाडी मागे पडावी. मग कोणाची गाडी जास्त पळते, याच्या पैजा लागू लागल्या. त्यातून साध्या मोटारींच्या शर्यती वाढल्या आणि १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने ‘नॅस्कार’ ही संघटना उभी राहिली. टीव्हीवर दिसणाऱ्या, उघड्या चाकांच्या आणि अणकुचीदार तोंडाच्या गाड्या त्या या नव्हेत. या गाड्या दिसायला रस्त्यावरच्या मोटारींसारख्याच, पण आतून पार वेगळ्या.

१९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतीला प्रेक्षक कमी पडू लागले. काळा ड्रायव्हर उतरवला तर काळे लोकही तिकीट काढतील, असे आयोजकांच्या मनात आले. (समतेची कल्पना कोणाला शिवली नव्हती, गल्ल्याची मात्र होती.) गावातला सर्वांत वेगवान काळा ड्रायव्हर कोण, हे त्यांनी पोलिसांनाच विचारले. पोलिसांनी तत्काळ स्कॉट यांचे नाव सांगितले. त्यांच्या गाडीचा पाठलाग करून करून पोलीस थकले होते! स्कॉट एकदाच, १९४९ मध्ये पकडले गेले होते.

पहिली शर्यत त्यांनी गावच्या ट्रॅकवर केली. मग आपली गाडी ओढत ते नॅस्कारच्या शर्यतीला नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलम येथे गेले. काळ्यांना प्रवेश नाही, म्हणून परत पाठवले. डोळ्यांत पाणी घेऊन ते घरी आले. काही दिवसांनी हाय पॉइंट येथे गेले, तेथेही नकार. वर अधिकाऱ्यांनी सुचवले की, गाडी हवी तर गोऱ्या पोराला चालवायला द्या. स्कॉट यांनी साफ नाही म्हटले. गाडी माझी, राबलो मी, तर चालवणारही मीच.

त्यांनी लहान ट्रॅक धुंडाळले, तेथे शर्यती जिंकू लागले आणि १९५३ मध्ये रिचमंडच्या ट्रॅकवरील एका अधिकाऱ्याकडून नॅस्कारचा परवाना मिळवला. हा परवाना मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ड्रायव्हर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे रॅली शहरात आयोजकाने गोऱ्या ड्रायव्हरांना पेट्रोलचे पैसे दिले आणि स्कॉट यांना दिले नाहीत. स्कॉट थेट बिल फ्रान्स यांच्यापुढे उभे राहिले. फ्रान्स यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि यापुढे तुम्हाला इतर सदस्यांसारखेच वागवले जाईल, असा शब्द दिला. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

१९५९ मध्ये स्कॉट व्हर्जिनिया राज्याचे विजेते ठरले. ४ मार्च १९६१ रोजी साऊथ कॅरोलिनातील स्पार्टनबर्ग येथे ते प्रथमच नॅस्कारच्या सर्वोच्च गटात उतरले. त्या वेळी त्यांचे वय एकोणचाळीस होते. या वयात पुष्कळ खेळाडू निवृत्तीचे पेढे वाटतात.

आता जरा हिशेब पाहू, कारण या खेळात हिशेबाशिवाय काही कळत नाही. त्या वेळी रिचर्ड पेटी यांच्यासारख्या ड्रायव्हरांमागे मोटार कंपन्या उभ्या होत्या. इंजिन त्यांचे, टायर त्यांचे, पगारी मेकॅनिकही त्यांचेच. स्कॉट यांच्यामागे कोणी नव्हते. दुसऱ्यांनी वापरलेल्या गाड्या आणि सुटे भाग घ्यायचे, इंजिन स्वतः खोलायचे, स्वतः बसवायचे आणि सोमवारपासून पुन्हा गॅरेजात पोटाची कामे करायची. मुले पिटमध्ये जॅक लावत, टायर बदलत. वाटेत हॉटेलात काळ्यांना खोली आणि जेवण मिळेल याची शाश्वती नसे. म्हणून घरचे डबे आणि गाडीतच झोप. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापूर्वी दक्षिणेत हे राजरोस चालत असे. साऊथ कॅरोलिनातल्याच डार्लिंग्टनच्या ट्रॅकने तर त्यांना कित्येक वर्षे आतच घेतले नाही. काही गोरे ड्रायव्हर मुद्दाम त्यांच्या गाडीला धडक देत. गाडी मोडली तर कंपनीच्या ड्रायव्हरला दुसरी मिळे. स्कॉट यांचा मात्र संसारच मोडे. त्यामुळे ते जपून चालवीत. जिंकण्यासाठी इंजिनाचा जीव काढण्यापेक्षा शर्यत पुरी करून बक्षिसाची रक्कम घरी नेणे त्यांना भाग होते. तरीही त्यांनी सर्वोच्च गटात ४९५ शर्यती केल्या आणि १४७ वेळा पहिल्या दहांत आले. म्हणजे शंभरात तीस वेळा! भंगारातल्या सामानावर हे साधणारा माणूस चांगल्या गाडीत काय करू शकला असता, याचा ज्याने त्याने विचार करावा.

सगळे गोरे वाईट नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. नेड जॅरेट या विजेत्या ड्रायव्हरने स्कॉट यांना आपली शेव्हरोले विकली आणि तीच गाडी घेऊन ते जॅक्सनव्हिलला आले. सुरुवातीला त्यांची जागा पंधरावी. रिचर्ड पेटी आघाडीवर होते, पण त्यांच्या गाडीत बिघाड झाला. पंचवीस फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी त्यांना मागे टाकले.

पुढचे आपण वाचलेच आहे. स्कॉट यांनी तक्रार केली आणि फेऱ्या पुन्हा मोजल्या गेल्या. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, नॅस्कारने मान्य केले की खरे विजेते स्कॉटच. बक्षिसाचे एक हजार डॉलर त्यांना मिळाले. चषक मात्र बेकर घेऊन गेले होते. मोजणीत चूक झाली, असे कारण दिले गेले. स्कॉट यांचे म्हणणे वेगळे होते. विजेत्याला चषक देताना एक गोरी सुंदरी त्याच्या गालाचे चुंबन घेत असे. दक्षिणेतल्या हजारो लोकांसमोर काळ्या माणसाला तो मान मिळू द्यायचा नव्हता, असे ते सांगत. मागाहून त्यांना एक लहानसा लाकडी चषक देऊन बोळवण करण्यात आली. दुसऱ्यांदा जिंकण्याची संधी आली नाही.

१९६६ मध्ये वर्षभराच्या गुणांत ते सहावे आले आणि पुढची तीन वर्षेही पहिल्या दहांत राहिले. पण मोठी कंपनी अखेरपर्यंत मागे उभी राहिली नाही. १९७३ मध्ये त्यांनी कर्ज काढून एक चांगली गाडी घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात अलाबामातील टॅलाडेगा येथे अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉट यांच्या बरगड्या, कंबरेचे हाड आणि गुडघा मोडला. गाडी गेली, कर्ज राहिले. त्यानंतर या गटात ते फक्त एकदा धावले.

१९७७ मध्ये हॉलिवूडने त्यांच्या आयुष्यावर ‘ग्रीज्ड लाइटनिंग’ हा चित्रपट काढला; रिचर्ड प्रायर नायक होते. स्कॉट गॅरेजात काम करीतच राहिले. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये नॅस्कारने त्यांना आपल्या मानकऱ्यांच्या दालनात स्थान दिले. त्या दालनातले ते पहिले कृष्णवर्णीय.

चषकासाठी त्यांची मुले आणि नातवंडे मागणी करीतच राहिली. शेवटी २८ ऑगस्ट २०२१ रोजी, स्कॉट यांच्या शंभराव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी, डेटोना येथे नॅस्कारने त्यांच्या कुटुंबाच्या हाती चषक दिला. हिशेब केला तर ५७ वर्षे आणि जवळजवळ ९ महिने होतात. आयोजकांकडे व्याज मागण्याची सोय नव्हती.

पुढच्याच ऑक्टोबरच्या ४ तारखेला बबा वॉलेस या तरुणाने सर्वोच्च गटाची शर्यत जिंकली. स्कॉट यांच्यानंतर असे करणारा हा पहिलाच कृष्णवर्णीय ड्रायव्हर. पावसामुळे शर्यत मध्येच थांबवावी लागली, तेव्हा तो पुढे होता. ट्रॅक टॅलाडेगाचाच. चषक त्याला त्याच दिवशी मिळाला.