हात वर करून दाखवा

सकाळी 6
चहा उकळेपर्यंत मशिनला तेल देते आणि शटल काढून आतला दोऱ्याचा भुसा झाडते. फाल्गुन सरत आला की नारायणगावात दोन धांदली एकदम येतात. बागांमध्ये द्राक्षांचा तोडा चालू असतो आणि पाडव्याच्या तोंडावर तमाशाच्या राहुट्या लागतात. चैत्रातल्या यात्रांची सुपारी द्यायला गावोगावचे पंच इथे येतात. बागेतल्या बायका आणि फडातल्या बायका, दोघींचे ब्लाऊज माझ्याच टेबलावर असतात.

साडेसात
बागेवर निघालेल्या टोळीतल्या चौघीजणी पायरीवर थांबल्या. माप घेताना मी आधी म्हणते, "मावशी, हात वर करून दाखवा." द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो. विरळणी असो की तोडणी, दिवसभर हात वरच. चुकीचा ब्लाऊज हातासोबत वर चढतो, पोट उघडं पडतं, काखेत काचतं आणि तिथूनच उसवतो. मुंढा खोल कापला की हात मोकळा होतो, असा पुष्कळांचा समज आहे. खरं तर उलट होतं. मुंढा जितका खाली, तितकं सगळं अंग बाहीला बांधलं जातं. मुंढा काखेजवळ ठेवायचा, बाहीचा वरचा गोल थोडा उतरवायचा आणि दंडाला रुंदी वाढवायची. मग हात एकटाच वर जातो. कापड फारच तोकडं असेल तर काखेत एक चौकोनी तुकडा बसवते. आजीच्या खणाच्या चोळीला तो असायचा.

सकाळी 10
कटिंग याच वेळेला, कारण टेबलावर उजेड सरळ पडतो. अस्तर आदल्या रात्रीच पाण्यातून काढून वाळवलेलं असतं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं.

मला लहानपणी वेड होतं ते कापडाचं. आजी जुन्या लुगड्यांची गोधडी धावदोऱ्याने भरायची आणि मी शेजारी बसून चिंध्या निवडायची. कुठली मऊ, कुठली कडक, कुठल्या काठाचा रंग अजून टिकलाय हे बोटांना कळायचं. त्या चिंध्यांतून बाहुलीला झबलं, टोपडं, पुढे काठाची चोळीही झाली. बाहुलीचं बरं असतं. तिला वाकायचं नसतं, श्वास घ्यायचा नसतो. पुढे शिवणक्लासमध्ये तपकिरी कागदावर 32, 34, 36 ची मापं कापली, हाताला सफाई आली. तरी तिथेही समोर माणूस नव्हतंच. दुकान टाकल्यावर पहिल्यांदा दिसलं की दोन्ही खांदे सारखे असलेली बाई क्वचितच येते. हंडा, भारा, पाठीवरचा फवारणीचा पंप, ज्या बाजूने ओझं वाहिलं ती बाजू उतरलेली असते. कापडाची माझी आवड तेव्हापासून माणसाच्या अंगाकडे वळली. या कामातली खरी गोडी मला तिथे लागली.

दुपारी 2
राहुटीवरून एकजण शिवलेली नऊवारी घेऊन आली. घुंगरांत अडकून घोट्यापाशी काठाची जर उसवली होती. मी आतून मऊ सुती पट्टी लावते. घुंगरू पट्टीला घासतात, जर वाचते. नाचणाऱ्या बाईचा कपडा रात्रभर ताण सोसतो. गिरकी, बैठक, घाम, आणि खेळ संपताच ट्रकने पुढचं गाव. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर 2002 मध्ये गेल्या, पण त्यांच्या गावात या कामाला आजही मान आहे असं मी मानते. म्हणूनच फडाची दुरुस्ती मी उद्यावर ढकलत नाही.

साडेचार
शेजारची सातवीतली मुलगी शाळेतून थेट इकडे येते. सध्या ती वहीच्या रेघांवर दोरा न ओवता मशिन चालवते. सुईची भोकं रेघेवर पडली पाहिजेत, वळणावर पाय थांबला पाहिजे. आज तिने विचारलं, "मावशी, हे शिकून पुढं काय?" मी तिला कोल्हापूरच्या भानू अथैयांची गोष्ट सांगितली. 1983 मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं आणि भारतात ते पहिल्यांदाच आलं. तिच्या आईला मात्र मी वेगळी माहिती दिली. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकामही आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, पोरगी अठरा वर्षांची होईल तेव्हा योजना चालू असली तर अर्ज करता येईल. मुलीला गोष्ट लागते, आईला आकडा. दोन्ही द्यायलाच हवं.

संध्याकाळी 6
उसाच्या कडेने घरी जाणाऱ्यांचे कपडे आधी देते. जुन्नर-आंबेगावात बिबट्याच्या धास्तीने अंधारानंतर एकटीने फिरणं बायका टाळतात, त्यामुळे ट्रायलची वेळ आपोआप अलीकडे आलीय. मंचरहून एसटीने येणाऱ्या एका ताईंचा ब्लाऊज तर मी दुपारीच काज-बटण करून ठेवला होता.

रात्री 9
हूक, हातशिलाई, मग वही. नावापुढे मापं असतात, त्याखाली माझ्या खुणा: डावा खांदा अर्धा इंच खाली, बाळ अंगावर पितंय, हात वर. उद्या त्या मुलीला मशिनवर बसवणार नाही. टेप देणार आहे आणि सांगणार आहे, पहिलं माप घरच्या आजीचं घे, पण आधी तिला दळण उचलताना नीट बघ.