डोळे म्हणतात ‘सुसाट’, कान म्हणतो ‘जागेवरच’

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरते. आतले अंतराळवीर मात्र निवांत तरंगत असतात आणि खिडकीतून खाली पाहिले तर पृथ्वी संथपणे सरकताना दिसते. उलट, ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेची झाडे सपासप मागे पडतात. साडेचारशे पटींहून अधिक वेगाने जाणारे स्थानक संथ आणि एसटी सुसाट, असे का वाटावे?

अवकाशयान उडवण्याचे व्हिडिओ गेम तयार करणाऱ्यांना हा प्रश्न सुरुवातीपासून सोडवावा लागला आहे. अवकाशात झाड नाही, विजेचा खांब नाही, ढगही नाही. तारे आहेत, पण फार दूर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे अंतरावर आहे. अवकाश स्थानकाच्या वेगाने तिथे पोहोचायला दीड लाखाहून अधिक वर्षे लागतील. त्यामुळे यान कितीही धावले तरी तारे जागचे हललेले दिसत नाहीत. खरे अवकाश जसेच्या तसे पडद्यावर आणले, तर यान उभेच आहे असे खेळणाऱ्याला वाटेल.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन तरुणांनी १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये ‘एलिट’ हा गेम बनवला. त्यांनी यानासमोर पांढरे ठिपके पेरले. यान पुढे निघाले की हे ठिपके मध्यापासून कडांकडे पसरत मागे जातात. अशी दाट धूळ खऱ्या अवकाशात नसते, पण मेंदूला तेवढे पुरते. पुढच्या अनेक गेमनी हीच युक्ती उचलली. त्यात भरही पडली. वेग वाढला की दृश्याची चौकट रुंदावते, कॅमेरा थरथरतो, कडेच्या वस्तू धूसर होतात आणि इंजिनाचा आवाज चढत जातो.

या युक्त्या चालतात, कारण आपल्या शरीरात वेग मोजणारे इंद्रियच नाही. प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागून, तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतील द्रव डोके वळल्याची खबर देतो. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक असतात. डोके कलले किंवा गाडीने वेग घेतला, ब्रेक लागला, की ते सरकतात आणि मेंदूला संदेश जातो. मात्र गाडी एकाच वेगाने सरळ जाऊ लागली की ही यंत्रणा गप्प बसते. म्हणूनच पृथ्वी आपल्याला घेऊन सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते, हे कधीच जाणवत नाही.

उरलेले काम डोळे करतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या दृष्टीचा अभ्यास केला. पुढे जाणाऱ्या माणसाच्या नजरेसमोरचे दृश्य एका बिंदूपासून चहूबाजूंना पसरत जाते, जवळच्या वस्तू झपाट्याने सरकतात आणि लांबच्या रेंगाळतात, हे त्यांनी दाखवून दिले. मेंदू या सरकण्यावरून वेगाचा अंदाज बांधतो. जवळ काहीच नसेल तर अंदाज चुकतो. बोइंग ७४७ हे उंच विमान आले, तेव्हा जमिनीपासून बऱ्याच उंचीवर बसणारे वैमानिक धावपट्टीकडे जाताना विमान नकळत जास्त वेगाने नेत, कारण जमीन त्यांना हळू सरकताना दिसे.

याउलटही घडते. स्टेशनवर शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर आपलीच गाडी निघाली असे वाटते. दृश्याचा मोठा भाग, विशेषतः कडेचा भाग, एकसारखा सरकला की मेंदू ‘आपणच हललो’ असा अर्थ लावतो. शास्त्रज्ञ याला ‘व्हेक्शन’ म्हणतात. गेममधील वेगाची गंमत बरीचशी यावरच उभी आहे.

काहींना त्रास होतो तोही इथूनच. डोळे सांगतात, आपण सुसाट निघालो आहोत. कान सांगतो, आपण खुर्चीत बसलो आहोत. हा मेळ न बसल्याने डोके जड होणे, घाम, मळमळ, कधी उलटी असा त्रास होतो, असे सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. बस लागते त्याचाच हा प्रकार, फक्त उलटा. तिथे शरीर हलते आणि पुस्तकात खुपसलेल्या डोळ्यांना ते दिसत नाही.

यातील कानाची भूमिका एका जुन्या प्रयोगमालिकेत दिसली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी नौदल आणि ‘नासा’ने गॅलॉडेट कॉलेजमधील ११ कर्णबधिर पुरुषांवर चाचण्या केल्या. त्यांपैकी बहुतेकांची तोलाची यंत्रणा लहानपणीच्या मेंदूज्वराने निकामी झाली होती. खवळलेल्या समुद्रात बोटीवरचे संशोधक उलट्यांनी बेजार झाले आणि हे लोक मजेत पत्ते खेळत राहिले. म्हणजेच मळमळ होणे हे नाजूकपणाचे किंवा नाटकाचे लक्षण नाही. कान आपले काम चोख करतो आहे, असाच त्याचा अर्थ.

डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये हा त्रास वाढतो, कारण खोलीच्या स्थिर भिंती नजरेआड होतात. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये एक उपाय तपासला. वेग वाढला की दृश्याच्या कडा हळूहळू काळ्या करायच्या. त्याने अस्वस्थता कमी झाली. वेगाचा भास देणाऱ्या कडा झाकल्या की त्रासही उतरतो.

घरी हेच तत्त्व वापरता येते. खोलीत दिवा चालू ठेवावा आणि पडद्यापासून थोडे लांब बसावे, म्हणजे आजूबाजूच्या स्थिर वस्तू दिसत राहतील. यानाच्या आतून दिसणारे दृश्य निवडावे, कारण समोरची स्थिर चौकट डोळ्यांना आधार देते. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची थरथर आणि धूसरपणा बंद करावा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटेच खेळावे. हळूहळू सवय होते. मळमळ सुरू होताच थांबावे, नेटाने खेळत राहिल्यास त्रास काही तास रेंगाळू शकतो. मुलांना आणि अर्धशिशी असलेल्यांना हा त्रास अधिक होतो. व्हीआरनंतर डोके हलके वाटत असेल तर लगेच दुचाकीला किक मारू नये. गाडी लागण्याच्या गोळ्या खेळण्यासाठी घेणे योग्य नाही, त्यांनी गुंगी येते.

पडदा बंद असतानाही चक्कर येत असेल, कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. चक्करेबरोबर एक वस्तू दोन दिसणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे अशी लक्षणे अचानक दिसली, तर गेमला दोष देत थांबू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे.