ट्रेलरमधला गेम आणि घरी आलेला गेम

जुलैत भुशी डॅमच्या पायऱ्यांवरून पाणी धो-धो वाहतं. तो फोटो पाहून कुणी मे महिन्यात लोणावळ्याला आलं, तर कोरड्या पायऱ्याच दिसतात. व्हिडिओ गेमच्या ट्रेलरचंही थोडं असंच आहे.

युबीसॉफ्टने 'वॉच डॉग्स' हा गेम जून 2012 मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात दाखवला. त्यातला धूर, उजेड आणि सावल्या पाहून लोक थक्क झाले. मे 2014 मध्ये गेम बाजारात आला, तेव्हा ती चमक कमी झाली होती.

असं का होतं? प्रदर्शनात दाखवतात तो गेमचा छोटा तुकडा असतो आणि तो बहुतेक वेळा महागड्या कॉम्प्युटरवर चालतो. विकायचा गेम मात्र अख्ख्या शहरासकट घरच्या मशीनवर चालावा लागतो. सेकंदाला 30 चित्रं दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम 33 मिलिसेकंद मिळतात. मग सावल्या, धूर, गर्दी यांना कात्री लागते.

दरवेळी ही फसवणूकच असते असं नाही, पण पैसे आपले जातात. डिसेंबर 2020 मध्ये 'सायबरपंक 2077' जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळला की सोनीने तो स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले.

म्हणून मुलांनो, साठवलेली ईदी आगाऊ बुकिंगमध्ये घालू नका. गेम येऊ द्या, आपल्याकडे आहे त्याच मशीनवर खेळतानाचा व्हिडिओ बघा, मग ठरवा. स्टीमवर घेतलेला गेम 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर 14 दिवसांत पैसे परत मागता येतात. जाहिरातीने दिशाभूल केली असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे: 1915.