चार चाके, रस्ता एक. झीज मात्र निराळी

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की इतवारी-गांधीबागेतील आपल्या अनेक कुटुंबांच्या गाड्या समृद्धी महामार्गाला लागतात. कोणी शिर्डीकडे, कोणी मुंबईस, कोणी पुण्याच्या विवाहकार्यास. आदल्या दिवशी गाडी धुतली जाते, डबे बांधले जातात, टाकी भरली जाते. टायरांकडे मात्र क्वचितच कोणी वाकून पाहतो.

परिचयातील एका व्यापाऱ्यांनी चारही टायर एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले होते. अठ्ठावीस हजार किलोमीटरनंतर पुढचे दोन गुळगुळीत झाले आणि त्यांतील डाव्याची आतील कड तर तारेपर्यंत झिजली. मागच्या दोहोंचे नक्षीकाम अजून निम्मे शिल्लक होते. मालात खोट आहे आणि शहरातील सिमेंटचे रस्ते टायर खातात, अशी त्यांची तक्रार. दुकानातील वृद्ध कारागीर शांतपणे म्हणाला, "शेठजी, रस्ता तर चौघांनाही एकच होता ना?"

या प्रश्नातच सारे उत्तर आहे. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर असते. इंजिनाचे वजन, वळणाचा ताण आणि ब्रेकचा बहुतांश भारही तेच वाहतात, म्हणून ते आधी झिजणे स्वाभाविक आहे. उपाय साधा : दर आठ-दहा हजार किलोमीटरला गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने चाकांची अदलाबदल करावी.

मात्र एकाच टायरची एकच कड झिजली, तर तो स्वाभाविक क्रम नव्हे. झिजेची खूण वहीतील नोंदीप्रमाणे वाचता येते. मधला पट्टा झिजला, तर हवा अधिक आहे. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी आहे. केवळ आतील वा बाहेरील कड गेली, तर चाकांचा कोन बिघडला आहे. खड्ड्यात वा दुभाजकावर बसलेल्या एका धक्क्यानेही तो बिघडतो आणि अलाइनमेंटने सुधारतो. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक ॲब्सॉर्बर थकले असण्याचा वा बॅलन्सिंग बिघडल्याचा संभव असतो. वरील गृहस्थांच्या गाडीचा कोनच बिघडला होता. स्टिअरिंग एका बाजूस ओढते हे त्यांना कित्येक महिने जाणवत होते. पण दुकान सोडून गॅरेजला जाण्यास सवड झाली नाही.

व्यापारी दृष्टीने हिशेब मांडू. चार टायरांना २४,००० रुपये लागले आणि ते ४०,००० किलोमीटर चालले असे धरू. प्रतिकिलोमीटर खर्च ६० पैसे. तेच २५,००० किलोमीटरलाच टाकावे लागले, तर ९६ पैसे. फरक किलोमीटरमागे ३६ पैशांचा, म्हणजे ४०,००० किलोमीटरवर १४,४०० रुपयांचा. अलाइनमेंटचा खर्च यापुढे किरकोळ ठरतो.

परंतु हानी केवळ पैशाची नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दुमडते आणि त्या दुमडण्यातून उष्णता निर्माण होते. शहरात सिग्नलवर चाकांना विसावा मिळतो. या मार्गावर तासन् तास मिळत नाही. त्यात विदर्भातील मे महिना, ४५ अंशांपलीकडचा पारा, पाठीमागे मालाचे गठ्ठे आणि आत सहा माणसे. अशा वेळी कमकुवत टायर फुटतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरांची वाहने परत पाठविली, ती याच कारणाने.

नागपूरच्या हवामानाचा आणखी एक पैलू आहे. तापमान दहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब साधारण दीड पाउंडाने उतरतो. मे महिन्यात योग्य भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे तीन-चार पाउंडांनी कमी भरते, गळती नसतानाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना दाब तपासावा. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा असतो. प्रवासात तापलेल्या टायरमधील वाढलेली हवा मात्र काढू नये.

खाचांत मधूनमधून लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली. मोटारीसाठी नियमाची हीच अखेरची मर्यादा. बाजूवरील चार अंक टायरचा जन्म सांगतात : २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचेही हे अंक पाहावेत. न वापरताही रबर जुने होते.

त्या गृहस्थांनी चाकांचा कोन नीट करवून घेतला आणि पुढच्या दोन टायरांच्या जागी नवे बसवले. आता दर पंधरवड्याला दुकान उघडण्यापूर्वी त्यांचा मुलगा चारही चाकांचा दाब मोजून डायरीत लिहितो. या कामास दहा मिनिटे लागतात. सुट्टीच्या प्रवासास निघण्यापूर्वी आपल्या घरीही तेवढी दहा मिनिटे काढावीत, कारण त्या गाडीत आपलीच मुले आणि वडीलधारी मंडळी बसणार आहेत.