गारगोटीचा पत्ता

पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणारे बहुतेक जण मोर दिसतोय का ते पाहतात. माझी नजर पायाखाली असते. ही खोड मला लावली ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. त्यांचे ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) पहिल्यांदा वाचले तेव्हा मातृदेवतांच्या विवेचनापेक्षा मला धरून ठेवले ते त्यात जागोजाग येणाऱ्या दगडाच्या चिमुकल्या पात्यांनी. कुठल्या देवीच्या ठाण्याशी ती मिळाली, कुठल्या उताराला, कुठल्या खिंडीजवळ, हे हा माणूस इतक्या आस्थेने का सांगतोय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

कोसंबींची ओळख नव्याने करून द्यायला नको. हार्वर्डला शिकलेला गणिती, फर्ग्युसनमधला प्राध्यापक, जुन्या नाण्यांची वजने करून त्यांचा कालक्रम लावणारा, १९५६च्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाची दिशा वळवणारा विद्वान. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करत. पुरातत्त्वातले कोणतेही पद त्यांच्याकडे नव्हते. उत्खननाचा परवाना, मजुरांची फौज, वस्तुसंग्रहालय यांपैकी काही पाठीशी नसताना डोंगर चढून दगड वेचणारा हा माणूस, या अर्थाने, तुमच्याआमच्यासारखा हौशी नागरिकच होता. मला त्यांच्याविषयी वाटणाऱ्या ओढीचे कारण तेच आहे.

त्याच काळात मुळा-मुठेपलीकडे, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात हसमुख धीरजलाल सांकळिया होते. १९३९ साली संस्था पदव्युत्तर संशोधनासाठी पुन्हा सुरू झाली तेव्हापासून त्यांनी तिथे प्रागितिहासाची शाळा उभी केली. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी, नेवाशाला प्रवरेच्या काठी त्यांना हातकुऱ्हाडी आणि छिलके मिळाले ते नदीने कापलेल्या दरडीतून, थरांसकट. १९६४ साली त्यांनी ‘स्टोन एज टूल्स’ हे पुस्तक काढले. हत्यार कसे घडवले, त्याला काय म्हणायचे, त्याचा उपयोग काय असावा, हे त्यात सांगितले आहे. दगड ओळखायला शिकणाऱ्याने आजही तिथूनच सुरुवात करावी. सांकळिया थर वाचत होते, कोसंबी पृष्ठभाग. दोघांचे काम एकाच शहरातून चालले होते, पण त्यांचे प्रश्न वेगळे होते.

आता तो दगड जरा जवळून पाहू. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोट्या, अकीक, जास्पर असे दगड भरलेले असतात. कातळ झिजला की ते मोकळे होऊन उतारावर पसरतात. त्यातला चांगला, दाणेदार नसलेला, मेणासारखा गुळगुळीत फुटणारा तुकडा अश्मयुगीन कारागीर निवडत असे. नखाएवढे किंवा करंगळीच्या पेराएवढे पाते हातात घ्या. एक बाजू सपाट, तिच्या एका टोकाला किंचित फुगवटा. घाव बसला तो त्या टोकाला. फुगवट्यापासून पुढे पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा अस्पष्ट लहरी. पालथे करा: पाठीवर एक किंवा दोन सरळ कणे, टोकापासून टोकापर्यंत. आधी काढलेल्या पात्यांच्या त्या खुणा. एक धार ब्लेडसारखी पातळ, आणि दुसरी मात्र बारीक बारीक टवके काढून मुद्दाम बोथट केलेली, म्हणजे लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ती बसवता यावी. ही बोथट पाठ दिसली की मी खात्रीने सांगतो, यात माणसाचा हात आहे. ज्यातून पाती काढली तो गाभाही ओळखता येतो. त्याच्या अंगावर उभ्या पन्हळी असतात.

पण फसवणारे दगड शंभरपट अधिक. नांगराचा फाळ, बैलगाडीची लोखंडी धाव, खाणीतला सुरुंग, रस्त्याची खडी फोडणारा घण, सगळ्यांनी गारगोटी फुटते आणि फुगवटा त्यातही येतो. चकमकीने ठिणगी पाडायला वापरलेल्या गारगोटीच्या कडेला टवक्यांची रांग पडते, ती तर नवख्याला हमखास चकवते. कोसंबींनी याहून विलक्षण एक गोष्ट नोंदवली आहे. काही धनगर त्यांच्या काळीही एडक्याचे खच्चीकरण करायला ताज्या फोडलेल्या गारगोटीचे पाते वापरत. नव्याने फुटलेली धार स्वच्छ असते, जखम चिघळत नाही. म्हणजे टेकडीवर सापडलेला एखादा छिलका दहा हजार वर्षांचा असू शकतो आणि आजोबांच्या पिढीतल्या मेंढपाळाचाही. दगड हातात धरून हे उमगत नाही. तो कुठे होता, त्याच्या आसपास आणखी काय होते, यावरूनच काही बोलता येते.

कोसंबींची खरी करामत इथे आहे. त्यांनी पाती जमवली आणि पत्तेही जमवले. ठिकाणांचे ठिपके मांडत गेल्यावर त्यांना वाटा दिसू लागल्या. खोल काळ्या जमिनीत नव्हे, तर डोंगराच्या पायथ्याशी, मध्यम उंचीच्या उतारांवर, मेंढरे हिंडू शकतील अशा मुरमाड पट्ट्यांतून जाणाऱ्या वाटा. त्यांवर गावापासून दूर, देवळाविना उघड्यावर बसलेल्या शेंदऱ्या देवता. पावसाळ्यात एकीकडे आणि उन्हाळ्यात दुसरीकडे सरकणाऱ्या धनगरांचे मार्ग आणि हे ठिपके एकमेकांना जुळतात असे त्यांचे म्हणणे. पंढरीच्या वाटेवरही त्यांना ही पाती मिळाली. वारीची वाट ज्ञानेश्वरांच्याही फार आधीच्या ऋतुस्थलांतराच्या वाटेवरून चालली असावी, हा त्यांचा तर्क वाचताना अंगावर काटा येतो. लंडनच्या ‘मॅन’ या नियतकालिकात १९६२-६३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या महापाषाणांवर, पुण्याजवळच्या खडकांवरल्या कोरीव खुणांवर आणि दख्खनच्या पठारावरल्या भोक पाडलेल्या सूक्ष्मास्त्रांवर, म्हणजे अशाच चिमुकल्या दगडी हत्यारांवर, एकामागोमाग टिपणे छापली.

घरातला दगडही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. बारशाला बाळाआधी वरवंटा सजवून पाळण्याखालून-वरून फिरवतात, पाळण्यात ठेवतात. आपण सगळ्यांनी हे पाहिले आहे. पाटा-वरवंट्याचा हा मान कोसंबींनी थेट अश्मयुगातल्या दळणाच्या दगडाशी नेऊन भिडवला. घडवलेली दगडी वस्तू मातीतून उकरूनच मिळते असे थोडेच आहे.

या मांडणीतला दुबळा धागा लपवण्यात अर्थ नाही. कोसंबींनी सूक्ष्मास्त्रांना बहुतांशी शेतीपूर्व माणसांची खूण मानले. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजचे मोठे उत्खनन झाले. तिथे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात गहू-जव पिकवणारे, तांबे जाणणारे शेतकरीही गारगोटीची पाती सर्रास काढत होते. दुसऱ्या टोकाला, जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला एस. ए. साळी यांच्या उत्खननात सूक्ष्मास्त्रांची मुळे उत्तर पुराश्मयुगापर्यंत मागे गेली. एकटे पाते म्हणजे हजारो वर्षांच्या पल्ल्यातली कुठलीही तारीख. पृष्ठभागावरच्या वेचणीतून कोसंबींनी काढलेले काळाचे निष्कर्ष म्हणूनच सावधपणे घ्यावे लागतात. त्यांचे ठिपके मात्र आजही उभे आहेत, कारण जागा सांगितलेली आहे. तिथे पुन्हा जाता येते, त्यांना चूक ठरवता येते. नोंदीचे मोल मला यात दिसते.

नोंद पक्की असली तरी वाद संपतात असे नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळ १९८०च्या दशकाच्या शेवटी हातकुऱ्हाडींच्या सोबतीने ज्वालामुखीच्या राखेचा थर लक्षात आला. एका पद्धतीने त्या राखेचे वय निघाले सुमारे १४ लाख वर्षे, दुसरीने ६ लाख ७० हजार, आणि इतर अभ्यासक म्हणाले ही तर सुमात्रातल्या तोबाची ७५ हजार वर्षांपूर्वीची राख, नदीने वाहून आणून पुन्हा टाकलेली. तीस वर्षे हे भांडण चालले ते थराची जागा सगळ्यांना ठाऊक होती म्हणून. तीच हातकुऱ्हाड कुणाच्या दिवाणखान्यात शोभेला गेली असती तर भांडायलाही काही उरले नसते.

कायद्याचा या दगडांना फारसा आधार नाही. १८७८चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीच्या पुरलेल्या ऐवजाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. गारगोटीच्या पात्याची बाजारात किंमत काय? १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू येते खरी, पण नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वर्गांना. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवून घेणारी यंत्रणा आहे. जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी नेमलेला माणूस असतो, वस्तू पाहून, मोजून, जागा टिपून बहुधा ज्याची त्याला परत देतात. पंधरा लाखांहून अधिक वस्तूंच्या त्या सूचीत गारेची हत्यारेही आहेत. आपल्याकडे असे का होऊ नये? लोकांना जमणार नाही म्हणणाऱ्यांनी रत्नागिरीकडे पाहावे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सोबत्यांनी सड्यांवर हिंडून, गुराख्यांना विचारून कातळशिल्पे हुडकली, मोजली, नोंदवली. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

पुण्याला हे काम तातडीचे आहे. उतारांवर इमारती चढल्या आहेत, वेताळ टेकडीच्या अंगाने बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा की नाही यावर शहर भांडते आहे. त्या भांडणात झाडे आणि पाणी यांची बाजू मांडली जाते, आणि ती मांडलीच पाहिजे. उताराच्या मुरमात पडलेल्या पात्यांची बाजू मात्र मी कुठल्याच फलकावर वाचलेली नाही.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. टेकडीवर, शेताच्या बांधावर, पायाच्या खड्ड्यात घडवलेला वाटणारा दगड दिसला तर तो उचलू नका. शेजारी एखादे नाणे ठेवून दोन्ही कुशींनी दिसेल असा फोटो काढा, फोनमधून अक्षांश-रेखांश घ्या, गावाचे, शिवाराचे, ओढ्याचे नाव तिथल्याच माणसाला विचारून लिहा, तारीख टाका. जमीन खणू नका, दगड धुऊ नका. जेसीबी दारात उभा असेल आणि उचलण्यावाचून गत्यंतर नसेल तर दगडासोबत चिठ्ठी बांधा आणि दोन्ही मिळून डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला दाखवा. दहातले नऊ दगड साधे निघतील. तरी दहाही ठिकाणे वहीत राहू द्या.